टेरेसच्या जॉइंटमधलं पॉलीसल्फाईड, दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

आमचं घर नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात, मागचा भाग बाबांनी बांधलेला, पुढचा मी नंतर वाढवला, दोन स्लॅबच्या मधे २० एमएमची फट ठेवलेली आहे आणि दर पावसाळ्यात तिथूनच हॉलमध्ये पाणी टपकून राह्यलं होतं. डांबर ओतून झालं, सिमेंट भरून झालं, एक वॉटरप्रूफिंगवाला सिलिकॉन मारून पैसे घेऊन गेला ते पुढच्याच उन्हाळ्यात कडेकडेनं सुटलं. मग साईटवर काम करणारा एक मित्र म्हणाला, अबे तू फट बुजवून राह्यला पण ती हलून राह्यली ना, तिथं पॉलीसल्फाईड लाव, म्हणजे जमल्यावर रबरासारखं ताणणारं सीलंट, फट बंद करायचा माल.

हलते किती ते हिशोब केला तेव्हा पटलं. काँक्रीट एका डिग्रीला मीटरमागे साधारण ०.०१ एमएम फुगतं, आमचा स्लॅब १० मीटर, आणि नागपूरची जानेवारीतली पहाट अन् मे मधली दुपार धरली तर स्लॅब ४०-५० डिग्रीनं तापतो, म्हणजे ४-५ एमएम झाले. सिमेंट एवढं कुठून ताणणार. चांगलं पॉलीसल्फाईड जॉइंटच्या रुंदीच्या २५ टक्के ताण-दाब झेलतं.

इतवारीतल्या एका हार्डवेअरवाल्याकडून घेतलं, आणि त्या काकांना पूर्ण मार्क, कारण त्यांनी आधी विचारलं की जॉइंट आडवा आहे का उभा. आडव्याला पोअर ग्रेड, ते पातळ असतं, ओतायचं. पॅरापेटवरच्या, म्हणजे टेरेसच्या कठड्यावरच्या, उभ्या भागाला गननं भरायचं घट्ट गन ग्रेड, नाहीतर खाली ओघळतं. डब्यावर आयएस १२११८ (पॉलीसल्फाईड सीलंटचं भारतीय मानक) आणि तारीख बघून घ्या.

दोन डबे येतात. बेसमध्ये पातळ पॉलिमर असतं, त्याच्या साखळीत गंधकाच्या जोड्या असतात आणि दोन्ही टोकांना गंधक-हायड्रोजनचा गट. हार्डनरमध्ये बहुतेक वेळा मँगनीज डायऑक्साईड, काळं येतं ते त्यामुळेच. तो टोकांचा हायड्रोजन काढून घेतो, मोकळे झालेले गंधक एकमेकांना धरतात आणि पातळ माल रबर होतो. आपल्या केसांत पण गंधक-गंधक बंधच असतात, पार्लरमध्ये केस कायमचे सरळ करताना ते तोडून परत जोडतात. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटली की हे बंध जमल्यावरही थोडे थोडे आपसात जागा बदलत राहतात, त्यामुळे ताणून ठेवलेलं सीलंट हळूहळू सैल पडतं आणि काँक्रीटच्या कडेवर ओढ कमी येते. आमचं सिलिकॉन सुटलं होतं ते बरोबर कडेलाच.

वास मात्र खूप येतो, गॅस सिलिंडरला जो वास देतात त्याच खानदानातला, घरच्यांना दोन दिवस टेरेसवर येऊ देऊ नका. हे मटेरियल सापडलं तेच मुळात असं, १९२० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ पॅट्रिक गाडीच्या रेडिएटरसाठी अँटिफ्रीझ बनवायला बसले होते, इथिलीन डायक्लोराईड आणि सोडियम पॉलीसल्फाईड एकत्र केलं तर हाती घाण वासाचा चिकट रबरी गोळा आला आणि तो कुठल्याच सॉल्व्हंटमध्ये विरघळेना. त्याचंच पुढे थायोकोल नावाचं रबर झालं. पेट्रोल-रॉकेलला दाद देत नाही म्हणून विमानाच्या पंखातल्या इंधनाच्या टाक्या याच जातीच्या सीलंटनं बंद करतात.

लावताना घाई करू नका. मी फेब्रुवारीत भरलं, मे मध्ये फट सगळ्यात अरुंद असते, तेव्हा भरलं तर थंडीत सगळा ताणच ताण येतो, आणि गरमीत मिक्स केलेला माल पटकन घट्ट होतो ते वेगळंच. जुनं सिलिकॉन ग्राइंडरनं कडांसकट काढावं लागलं, अर्धा दिवस त्यातच गेला, पण त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. मग फटीत फोमचा रॉड दाबला, म्हणजे सीलंट दोन्ही भिंतींनाच धरतं, तळाला नाही, तळाला चिकटलं की ताणताना फाटतं. जाडी रुंदीच्या अर्धी, आमच्याकडे १० एमएम. कडांना मास्किंग टेप, प्रायमर, प्रायमर सुकल्यावर भरणं. हार्डनर अंदाजानं अर्धा घेऊ नका, पूर्ण डबा पूर्ण डब्यात, आणि ड्रिलला पॅडल लावून हळू फिरवा, तळाचा माल खरवडून घ्या, काळे-पांढरे पट्टे दिसले तर अजून मिक्स झालेलं नाही. आठवडाभर पाणी लागू दिलं नाही.

दोन पावसाळे झाले, हॉलचं छत कोरडं आहे, आईनं दिवाळीत तिथं पहिल्यांदा पांढरा रंग मारून घेतला. वरून बारीक भेगा दिसतात, उन्हानं येतात, सिलिकॉनला तेवढ्या आल्या नसत्या, पण नखानं दाबलं तर खाली रबर मऊ आहे. भाव सिलिकॉनपेक्षा जास्त पडला. पॅरापेटच्या कोपऱ्यात वीतभर सुटलंय, तिथं संध्याकाळ झाली म्हणून प्रायमर ओला असतानाच भरलं होतं, तेवढं कापून परत करणार आहे. ५ पैकी साडेचार.