विंडोज ३.१ मधली डीडीई: चार आकड्यांसाठी उत्तम, मोठ्या ओझ्याला नको

एक्सेलच्या पत्रकात भाव बदलला की वर्डमधल्या पत्रातला आकडाही आपोआप बदलावा, आणि तेही जुन्या ३८६ प्रोसेसरच्या मशीनवर. या कामासाठी डायनॅमिक डेटा एक्स्चेंज, म्हणजे डीडीई, ही आमची पहिली पसंती. १९८७ साली विंडोज २.० बरोबर ती आली. क्लिपबोर्डवर माणसाला दर वेळी कॉपी-पेस्ट करावी लागते. इथे एकदा जोडणी झाली की दोन्ही प्रोग्राम आपसात बघून घेतात.

तिची खरी करामत पत्त्यात आहे. गाव, घर, माणूस, तशी तीन नावं: ॲप्लिकेशन (प्रोग्राम), टॉपिक (बहुधा फाइल), आयटम (तिच्यातला नेमका भाग, जसं सेल). वर्ड २.० मध्ये कंट्रोल-एफ९ दाबून महिरपी कंस आणायचे (हाताने टाइप केलेले कंस चालत नाहीत) आणि आत डीडीईऑटो, एक्सेल, फाइलचा पूर्ण पाथ आणि आर२सी३, म्हणजे दुसरी ओळ, तिसरा कॉलम, असं लिहायचं. शेवटी एफ९. सर्वाधिक चुका दोन ठिकाणी होतात. पाथमधला प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा द्यावा लागतो, आणि सेलचा पत्ता नेहमीच्या सी२ पद्धतीने चालत नाही. जर्मन एक्सेलला तर तोच सेल झेड२एस३ म्हणून सांगावा लागतो. परदेशातून आलेली फाइल अडते ती बहुधा इथेच.

जोडणी तीन तऱ्हांची. हॉटमध्ये बदल झाला की नवा आकडाच येतो, वॉर्ममध्ये नुसती वर्दी येते, कोल्डमध्ये आपण मागू तेव्हाच मिळतं. व्हिज्युअल बेसिक या भाषेत स्वतः प्रोग्राम लिहीत असाल तर आधी लिंकमोड ० करा, मग टॉपिक आणि आयटम भरा, आणि शेवटी लिंकमोड १. हा क्रम मोडू नका. एरर २८२ आली तर सर्व्हर, म्हणजे आकडा देणारा प्रोग्राम, चालूच नाही किंवा नाव चुकलंय. एक्सेल जागं आहे का, हे सिस्टिम या टॉपिकशी जोडून पाहता येतं. टॉपिक्स आयटम मागितला की उघड्या फाइलींची यादी हातात पडते.

आता दुखणं. ३.१ मध्ये प्रत्येक प्रोग्रामने आपणहून पाळी सोडायची असते, त्यामुळे एक अडला की सगळेच ताटकळतात. एक्सेलमध्ये कुणी सेल अर्धवट टाइप करून उठला, तरी उत्तर येत नाही आणि समोरचा टाइमआउट होतो. व्हिज्युअल बेसिकचा लिंकटाइमआउट मुळात ५० असतो. हिशेब सेकंदाच्या दहाव्या भागांत, म्हणजे ५ सेकंद. संथ मशीनवर तो १५० करा.

त्याहून छुपा दोष मेसेजच्या रांगेत आहे. डीडीईतले प्रोग्राम एकमेकांना मेसेज पाठवूनच बोलतात. एका प्रोग्रामची रांग मुळात फक्त ८ मेसेजची. भाव झरझर बदलत असतील तर रांग भरते, पुढचा मेसेज टाकताच येत नाही आणि आकडा मध्येच गळतो. स्वतः सी मध्ये लिहीत असाल तर सुरुवातीलाच सेटमेसेजक्यू या विंडोजच्या फंक्शनने रांग वाढवा. पोचपावती मागण्याचा फ्लॅगही लावा, म्हणजे पावती येईपर्यंत सर्व्हर पुढचा डेटा पाठवणार नाही. मेमरीचा ब्लॉक आणि ॲटम (नावांसाठी विंडोज देतं ते क्रमांक) कुणी मोकळे करायचे हे दोन्ही बाजूंनी नीट पाळलं नाही तर दिवसभरात मशीन जड होत जातं. ३.१ सोबत आलेली डीडीईएमएल लायब्ररी यातली बरीच उस्तवार स्वतः करते, म्हणून कच्चे मेसेज हाताळण्याच्या भरीस पडू नये.

दुसऱ्या मशीनवरचा आकडा हवा असेल तर विंडोज फॉर वर्कग्रुप्स या नेटवर्कच्या आवृत्तीतली नेटडीडीई, म्हणजे नेटवर्कवरून चालणारी डीडीई, आहे. मात्र दोन्हीकडे ती चालू हवी.

चित्रं किंवा हजारो ओळींचं टेबल डीडीईवरून नेऊ नये. त्यासाठी सरळ फाइल लिहा आणि डीडीईने फक्त “फाइल तयार आहे” एवढं कळवा.