पोट साफ करणारे चूर्ण : सहा महिन्यांचा वापर आणि एका चमच्याचा हिशेब

गेल्या नोव्हेंबरच्या सहा तारखेला सकाळी मला लघवी गडद तांबूस झालेली दिसली. एप्रिलमध्ये सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात ६ मिलिमीटरचा खडा आढळला होता, त्यामुळे हे रक्तच आहे अशी माझी खात्री झाली आणि यजमानांना घेऊन मी तातडीने दवाखाना गाठला. तपासणीत लघवीमध्ये रक्तपेशी सापडल्या नाहीत, परंतु रक्तातील पोटॅशियम लिटरमागे ३.० मिलिमोल आले. ते किमान ३.५ असावे लागते. दोन आठवडे रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते आणि जिना चढताना पाय भरून येत होते, त्याचे कारण हे होते. ‘आणखी कोणते औषध चालू आहे?’ असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा रक्तदाबाची गोळी आणि लघवीची जळजळ होते म्हणून त्यांनीच दिलेले सोडियम सायट्रेटचे सिरप यांखेरीज काही नाही, असे मी अगदी प्रामाणिकपणे सांगितले. चूर्ण हे औषध आहे, हे माझ्या मनातच नव्हते. डबीची आठवण यजमानांना झाली.

ती डबी म्हणजे बाजारात सर्वत्र मिळणारे, बद्धकोष्ठावरचे तयार चूर्ण. अशी चूर्णे अनेक उत्पादक करतात आणि घटक थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून नाव लिहीत नाही. पहिल्या दोन महिन्यांत मला कोणी विचारले असते, तर मी मनापासून शिफारस केली असती. वर्षानुवर्षांची तक्रार पहिल्याच रात्रीत सुटली होती, १०० ग्रॅमची डबी १४० रुपयांना मिळत होती आणि ती महिनाभर पुरत होती. ते मत आता टिकलेले नाही. ते कसे बदलले हे क्रमाने लिहिते.

घरी आल्यावर मी डबीवरची घटकांची यादी भिंगातून वाचली. हरडा, सैंधव, ओवा, ज्येष्ठमध आणि सर्वांत वर कॅसिया अँगुस्टिफोलिया, १० ग्रॅममध्ये ४ ग्रॅम. हे वनस्पतिशास्त्रीय नाव सोनामुखीचे आहे. माझी आई सोनामुखी ओळखत होती आणि ती घरात कधीतरीच, एखाद्या दिवसापुरती काढली जाई. डबीवर ‘सोनामुखी’ किंवा ‘सनाय’ असे छापले असते, तर मी ती सहा महिने रोज घेतली नसती. लघवीच्या रंगाचा उलगडाही तिथेच झाला, कारण सोनामुखीतील द्रव्ये लघवीतून बाहेर पडतात आणि लघवी अल्कधर्मी असेल तर तिला तांबडी छटा देतात. चार दिवस चालू असलेल्या सायट्रेटच्या सिरपमुळे माझी लघवी अल्कधर्मी झालेली होती. तरीही तांबडी लघवी दिसल्यावर कोणी घरी बसून असा तर्क करू नये. रक्त नाही हे तपासणीनेच ठरते.

आता चमच्याविषयी. या अनुभवातील माझी सर्वांत मोठी तक्रार त्याच्याविषयीच आहे. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि एककाशिवाय लिहिलेल्या उत्तराला कधी गुण दिले नाहीत. या डबीवर मात्र ‘रात्री झोपताना १ ते २ चमचे कोमट पाण्यासोबत’ एवढेच छापलेले आहे. चमचा कोणता, सपाट की शिगोशीग, याचा उल्लेख नाही. आमच्या घरी दागिने तोलण्यासाठी घेतलेला छोटा डिजिटल काटा आहे. त्यावर वाटी ठेवून, काटा शून्यावर आणून मी घरातले चमचे एकेक करून तोलले. चहाचा चमचा सपाट भरला, तर चूर्ण २.६ ग्रॅम भरले. पोह्याचा चमचा शिगोशीग भरला, तर ९.१ ग्रॅम. म्हणजे ‘१ ते २ चमचे’ या सूचनेचे तंतोतंत पालन करणारी एक व्यक्ती अडीच ग्रॅम घेऊ शकते आणि दुसरी अठरा ग्रॅम. सात पटींचा हा फरक ज्या औषधात संभवतो, त्याच्या लेबलवर ग्रॅम लिहिण्याइतकी जागा निश्चित असते.

सोनामुखीच्या पानांच्या चूर्णाची प्रौढांसाठीची मात्रा साधारणपणे अर्धा ते दोन ग्रॅम सांगितली जाते, आणि तीही थोड्या दिवसांसाठी. सपाट चहाच्या चमच्यातून माझ्या पोटात सुमारे एक ग्रॅम गेली असती. मी शेवटी शेवटी पोह्याचा चमचा भरून घेत होते, म्हणजे रोज ३.६ ग्रॅम. मी चहाच्या चमच्यावरून पोह्याच्या चमच्यावर केव्हा आले, हे मला आठवत नव्हते. ते खर्चाच्या वहीने सांगितले. पहिली डबी ३ मे रोजी घेतलेली, दुसरी ५ जून रोजी. ऑगस्टमध्ये हे अंतर दोन आठवड्यांवर आले आणि पुढे १ ऑक्टोबर, १२ ऑक्टोबर, २३ ऑक्टोबर, ३ नोव्हेंबर अशा नोंदी आहेत. आतड्यांना सवय लागत गेली, तसा चमचा मोठा होत गेला. महिन्याला १४० रुपयांचा खर्च पावणेचारशेच्या वर गेला, आणि पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मला तो दिसला नाही, याची खंत मला अजूनही वाटते.

पोटॅशियम कमी होण्याला तीन बाजूंनी हातभार लागला होता. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे, ते लघवीवाटे पोटॅशियम घालवते. सोनामुखीचे रोजचे पातळ जुलाब ते शौचावाटे घालवतात. ज्येष्ठमध अधिक प्रमाणात आणि दीर्घकाळ घेतले, तर तेही पोटॅशियम उतरवते आणि वर रक्तदाब वाढवते. डॉक्टरांनी पुढे जे समजावले, ते खडा असलेल्या प्रत्येकाने लक्षात घ्यावे असे आहे. लघवीतील सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि खडा वाढू देत नाही. पोटॅशियम उतरले की सायट्रेटही घटते. शिवाय जुलाबावाटे पाणी गेल्यामुळे लघवी कमी आणि दाट होते. म्हणजे दिवसभर तांब्याने पाणी पिऊन जे मी साधत होते, ते रात्रीच्या चमच्याने मीच उलटवत होते.

उत्पादकाच्या ग्राहक सेवेला मी तीन वेळा दूरध्वनी केला. माझा प्रश्न एकच होता : एक चमचा म्हणजे किती ग्रॅम? पहिल्या वेळी ‘पूर्ण आयुर्वेदिक आहे, मॅडम, काही अपाय नाही’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळी ‘साधारण चहाचा चमचा’. तिसऱ्या वेळी मी लेखी उत्तर मागितले आणि नऊ दिवसांनी ‘वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे’ अशा एका ओळीची ईमेल आली. मी पैसे परत मागितलेच नव्हते. ग्रॅमचा आकडा सांगायला नऊ दिवस लागावेत आणि तरीही तो मिळू नये, याचा मला मनस्वी राग आला.

चूर्ण बंद केले, आठवडाभर पोटॅशियमचे औषध घेतले आणि त्यानंतरच्या तपासणीत आकडा ४.१ आला. बद्धकोष्ठासाठी डॉक्टरांनी आणि आमच्या वैद्यांनी, दोघांनीही इसबगोलच सुचवले. पहिल्या आठवड्यात मी त्याच्यावर नाराज होते. पोट फुगत होते, वात सरत होता आणि परिणाम दिसायला तीन दिवस लागले. मात्र इसबगोल आतड्यांना डिवचत नाही, ते पाणी धरून फुगते आणि मळ मऊ ठेवते, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्या आठवड्यापासून माझे मत पालटले आणि आज सहा महिन्यांनंतरही मात्रा तेवढीच आहे : ५ ग्रॅम, काट्यावर तोललेले. भुसी इतकी हलकी असते की सपाट चहाच्या चमच्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम बसते. चूर्णाचा चमचा आणि इसबगोलाचा चमचा एकच समजणाऱ्यांची इथेही गफलत होते.

इसबगोलाची एक अट मात्र कडक आहे. ते भरपूर पाण्यातूनच घ्यावे लागते, किमान पाव लिटर, आणि घोळल्याबरोबर लगेच. एकदा अर्ध्या पेल्यात घोळून, फोन आला म्हणून मी ते तसेच ठेवले. परत येईपर्यंत त्याची लापशी झाली होती आणि ती घशात अडकली. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांच्या आतड्यात अरुंदपणा आहे, त्यांनी ते घेऊच नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर गोळीचे शोषण कमी होऊ शकते. मी गोळी सकाळी घेते आणि इसबगोल रात्रीच्या जेवणानंतर लगेच. अंथरुणाला पाठ टेकण्याआधी मध्ये तासभर जातो.

खड्यासाठी वैद्यांनी सहा आठवडे गोक्षुरादी गुग्गुळ दिला, तो मी युरॉलॉजिस्टना दाखवूनच घेतला. त्रास काही झाला नाही. खडा मात्र ६ मिलिमीटरचाच आहे. आठवड्यातून दोनदा कुळथाचे कढण करते, ते चवीला उत्तम लागते. युरॉलॉजिस्टचा भर मात्र पाण्यावर आहे : दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, आणि मी आठवड्यातून एक दिवस मापाच्या भांड्यात ती खरोखर मोजते.

शेजारच्या काकूंनी याच काळात खड्यावर उपाय म्हणून मोठ्या मायेने पानफुटीची पाने आणून दिली होती, रोज दोन चावून खा म्हणाल्या. ती मी खाल्ली नाहीत. पानफुटीत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ब्यूफाडायनोलाइड वर्गातील द्रव्ये असतात, ती वनस्पती खाऊन जनावरे दगावतात, आणि पोटॅशियम उतरलेले असताना अशा द्रव्यांचा धोका अधिक वाढतो. माझे पोटॅशियम ३.० असताना ती पाने घरात कुंडीत लावलेली होती, हे आठवले की अजूनही अंगावर काटा येतो. काकूंना मी हे सगळे समजावून सांगितले आणि त्यांनीही आपल्या घरचे रोप केवळ शोभेसाठी ठेवले आहे.

जानेवारीत पुन्हा जळजळ सुरू झाली. एक दिवस धन्याचे पाणी प्यायले, पण दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि कंबरेच्या वर, बरगडीखाली दुखू लागले, तेव्हा काढ्यासाठी थांबले नाही. प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचा कल्चरसाठी नमुना दिला, कारण नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू सापडेलच असे नाही. या वेळी मात्र डॉक्टरांनी विचारण्याआधीच मी इसबगोल, गुग्गुळ आणि कढण यांचा मात्रेसह लिहिलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला.

गेल्या आठवड्यात वाण्याच्या दुकानात त्याच चूर्णाची नवीन बॅचची डबी हातात घेऊन पाहिली. झाकणाचा रंग बदलला आहे, किंमत १५५ रुपये झाली आहे, आणि मात्रेच्या ओळीत अजूनही ‘१ ते २ चमचे’ एवढेच लिहिलेले आहे.