अपघाताची भरपाई: लोक अदालतीत मिटवायचं की दावा शेवटपर्यंत लढवायचा?

घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर माझ्या धाकट्या भावाच्या स्कूटरला डंपरने मागून ठोकलं. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. तो लादी बसवायचं काम करतो. वय तेव्हा 34. पुढची जवळजवळ तीन वर्षं मी त्याच्यासोबत ठाण्याच्या कोर्टात खेटे घातले. तिथल्या बाकांवर जी जी कुटुंबं भेटली, त्यांचा प्रश्न हाच होता: विमा कंपनी देतेय ते घेऊन मोकळं व्हावं, की लढावं?

पहिली ऑफर बहुतेकदा लवकर येते. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या बदलांनुसार अपघाताची माहिती मिळाल्यावर 30 दिवसांत विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने ऑफर द्यायची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख ठरलेले आहेत, आणि चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पण ही रक्कम स्वीकारली की कलम 166 चा, प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मागणारा मोठा दावा तिथेच संपतो. समोरच्याची चूक दाखवणं खरंच अवघड असेल, तर हा मार्ग चांगला आहे. आमच्याकडे एफआयआर होता, घटनास्थळाचा पंचनामा होता, धडक मागून बसली होती. म्हणून आम्ही नाही म्हटलं.

मोठ्या दाव्यात ट्रिब्युनल (मोटार अपघाताचे दावे चालवणारं न्यायाधिकरण) आधी चूक बघतं, पण फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पुरतं. खरी लढाई आकड्यांची असते. भावाची कमाई महिना 20,000 धरली. स्वतःचं काम करणारा आणि चाळिशीच्या आतला असेल, तर पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी त्यात 40 टक्के मिळवतात (सुप्रीम कोर्टाचा 2017 चा प्रणय सेठी निकाल). झाले 28,000, म्हणजे वर्षाला 3,36,000. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; 31 ते 35 या टप्प्याला गुणक 16, हा 2009 च्या सरला वर्मा निकालातला तक्ता. गुणाकार 53,76,000. आता याच्या किती टक्के कमाई बुडाली, तेवढं मिळणार. 15 टक्के धरले तर 8,06,400 आणि 30 टक्के धरले तर 16,12,800. दवाखान्याची बिलं आणि यातनांची भरपाई वेगळी.

म्हणजे सगळं त्या टक्केवारीवर येऊन थांबतं. डॉक्टरच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाई बुडण्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुप्रीम कोर्टाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात स्पष्ट केलं आहे. हात गेलेला ड्रायव्हर आणि हात गेलेला क्लार्क यांचं नुकसान सारखं नसतं. भावाच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व 22 टक्के होतं. कंपनीचे वकील म्हणाले, संपूर्ण शरीराचं धरलं तर ते आणखी कमी. आमच्या वकिलांनी डॉक्टरांना साक्षीत एकच विचारलं: हा माणूस उकिडवा बसू शकेल का? डॉक्टर म्हणाले, नाही. लादीवाला दिवसभर उकिडवा बसूनच काम करतो. त्या एका उत्तराने दाव्याचा रंग बदलला.

लोक अदालत, म्हणजे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून दावे तडजोडीने मिटवायची बैठक, आम्ही दोनदा पाहिली. पहिल्यांदा दावा दाखल करून चार-पाच महिने झाले होते. टेबलापलीकडे कंपनीचा माणूस, त्याच्यापुढे फायलींचा गठ्ठा. त्याने आमची फाईल उलटली, कागदाच्या कोपऱ्यावर पेनने ‘4’ लिहिलं आणि कागद आमच्याकडे फिरवला. चार लाख. भावाच्या डोक्यावर उसनवारी होती, त्याचा हात पेनकडे गेला होता. तेव्हा प्लेट काढायचं ऑपरेशन व्हायचं होतं, कायम अपंगत्वाचा दाखलाही नव्हता. मी त्याला उठवून बाहेर आणलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांची साक्ष नोंदली गेली होती, आणि तडजोड 14 लाखांवर झाली. निकालात कदाचित जास्त मिळालं असतं, वर दावा दाखल केल्यापासूनचं व्याजही. पण कंपनी 90 दिवसांत हायकोर्टात अपिलात गेली असती तर पुढे किती वर्षं, हे कोण सांगणार? लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

अपील नसतं हे तुमच्यावरही तितकंच बंधनकारक आहे. चालू दाव्यातून तडजोडीकडे कधीही येता येतं, पण तडजोडीवर सही झाली की दाव्याकडे परतायची वाट नाही. माझं स्पष्ट मत असं: हाड नीट जुळलं असेल, कामावर रुजू झाला असाल, खर्च बिलांपुरता असेल, तर पहिल्या लोक अदालतीत मिटवा. त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालू नका. पण ज्या अवयवावर पोट चालतं तोच गेला असेल, तर उपचार संपेपर्यंत आणि दाखला हातात येईपर्यंत कुठलाही आकडा ऐकूनच घेऊ नका. घरात पैशांची ओढ असताना हे जड जातं, मला ठाऊक आहे.

दावा मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. उपचार चालू असले तरी. अपघात कुठेही झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्ये करता येतो. कमाईचा पुरावा आत्तापासून जमवा. भावाकडे पगाराची स्लिप कुठली असणार? ठेकेदाराची हजेरीवही आणि बँकेचं पासबुक, यावर 20,000 सिद्ध झाले. वकिलांची फी सुरुवातीलाच लेखी ठरवा. मिळालेल्या रकमेच्या टक्क्यांवर फी घेणं त्यांना नियमाने मना आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

महापे-तुर्भ्याकडच्या कंपनीची गाडी चालवताना, म्हणजे कामावर असताना अपघात झाला असेल, तर कर्मचारी भरपाईचा तिसरा रस्ताही असतो (आधी त्यासाठी 1923 चा कायदा होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 आहे). तिथे मालकाची चूक दाखवावी लागत नाही, पण हिशोबासाठी धरायच्या पगाराला कमाल मर्यादा असते (जुन्या कायद्यात महिना 15,000 होती). दोन्हीकडे भरपाई मागता येत नाही, एकच निवडावा लागतो. त्यामुळे वरचा गुणाकार आधी स्वतःच्या पगारावर करून पाहा आणि मगच अर्जावर सही करा.