ऋतूचं जेवण, सणाचा बेत आणि वाइन: कशासोबत कोणती घ्यावी?

वाइन घ्यायला निघालं की पहिला प्रश्न हमखास येतो, लाल की पांढरी? ताटातल्या पदार्थाला या प्रश्नाशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला भिडतात त्या वाइनमधल्या पाच गोष्टी: आंबटपणा, तुरटपणा (म्हणजे टॅनिन), साखर, अल्कोहोल आणि बुडबुडे. पदार्थातलं मीठ आणि आंबट वाइनला मवाळ करतात, गोड तिला आंबट आणि पाणचट करतं, तिखट तिच्यातलं अल्कोहोल भडकवतं. मशरूमसारख्या दाट रुचीच्या पदार्थात मीठ कमी पडलं, तर तुरट वाइन कडवट लागते. जोडी जमत नसेल तर बाटली बदलण्याआधी चिमूटभर मीठ किंवा लिंबाचे दोन थेंब टाकून पाहा. अर्ध्या वेळा काम तेवढ्यावरच भागतं.

सणाचा बेत: फसफसत्या वाइनमध्ये निवड

सणाच्या जेवणाची खरी अडचण अशी की टेबलावर तळलेलं, भाजलेलं, खारट, मलईदार असं सगळं एकाच वेळी असतं. अशा गर्दीत एकच बाटली निभावून न्यायची असेल तर ती आंबटपणा भरपूर असलेली आणि टॅनिन नसलेली हवी. फसफसती वाइन म्हणूनच इतकी सोयीची पडते, थाट हा त्यातला दुय्यम भाग. बुडबुडे आणि आम्ल मिळून जिभेवरचा तेलकटपणा धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

| | शॅम्पेन | कावा | प्रोसेको |
|---|---|---|---|
| प्रदेश | फ्रान्स | स्पेन | इटली |
| दुसरं आंबवणं (ज्यातून बुडबुडे येतात) | त्याच बाटलीत | त्याच बाटलीत | बहुधा बंद टाकीत |
| किमान मुरवण | 15 महिने | 9 महिने | काही आठवडे |
| चव | ताजा पाव, सुकामेवा, धारदार आम्ल | लिंबू, सफरचंद, किंचित मातकट | नाशपती, फुलं, मऊ |
| कुठे शोभते | तळलेलं, खारट, मलईदार | तळलेलं, समुद्री मासे | जेवणाआधी, फळांसोबत |

टाकीत आणि बाटलीत आंबवण्यातला फरक घोटात कळतो. बाटलीत मेलेल्या यीस्टसोबत वाइन महिनोन्‌महिने पडून राहते, त्यातून पावाचा वास आणि भरीवपणा येतो. तो जड जेवणाला पेलतो. प्रोसेकोमध्ये द्राक्षाचा ताजा वास जपलेला असतो, पण मुख्य जेवणासमोर ती लवकर हरवते. पाहुणे येताना प्रोसेको आणि जेवायला बसताना कावा हा बेत, सगळ्यांना शॅम्पेन पाजण्यापेक्षा बहुतेक वेळा शहाणपणाचा.

बाटलीच्या चिठ्ठीवरचे (लेबलवरचे) शब्द मात्र नीट वाचा, कारण ते फसवतात. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, नुसत्या ‘सेक’मध्ये 17 ते 32 आणि ‘डेमी सेक’मध्ये 32 ते 50. जेवणासोबत ब्रूट, केकसोबत डेमी सेक. केक कापताना ब्रूट उघडण्याची चाल सगळीकडे दिसते, पण केकच्या साखरेपुढे ती वाइन आंबट पाण्यासारखी लागते. टाळी वाजवायला केकआधी उघडा, इतकंच.

तिखट जेवण: इथे निवड सोपी आहे

तिखटपणा ही चव नव्हे, ती जळजळ. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या नसांना चिथावतं, आणि अल्कोहोलही त्याच नसांना छेडतं. म्हणून 14.5 टक्के अल्कोहोलची शिराज ही लाल वाइन झणझणीत पदार्थासोबत घेतली की आगीत तेल. टॅनिन आणि जोरदार बुडबुडेसुद्धा ही आग वाढवतात, त्यामुळे वर कौतुक केलेली ब्रूट इथे बाद.

चालते ती कमी अल्कोहोलची, किंचित गोड, थंडगार पांढरी. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली काबिनेट (म्हणजे हलक्या) दर्जाची गोडसर रीस्लिंग हे याचं सर्वांत भरवशाचं उदाहरण: अल्कोहोल साधारण 8 ते 9 टक्के, साखर जाणवेल एवढी आणि आम्ल इतकं की ती चिकट वाटत नाही. तिच्याच शेजारी ठेवता येईल अशी गेवुर्त्सत्रामिनर गुलाब आणि लिचीच्या वासाने मसाल्यांना जवळची वाटते, पण अल्कोहोल बऱ्याचदा 13–14 टक्के आणि आम्ल कमी. पदार्थ सुगंधी पण सौम्य असेल तर ती घ्या, तिखट असेल तर रीस्लिंग.

वसंतातून उन्हाळ्यात

कोवळे मटार, शतावरीचे कोंब (अ‍ॅस्परॅगस), ताज्या हिरव्या पानांचे मसाले हा वसंताचा माल वाइनसाठी कठीण. शतावरीतल्या गंधकयुक्त घटकांमुळे ओक पिंपातली वाइन धातूसारखी लागते. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनच्या वासात मुळातच गवत आणि ढोबळी मिरचीची छटा असते, म्हणून ती या हिरवेपणात मिसळून जाते. ऑस्ट्रियाची ग्रूनर वेल्टलिनर हा तिचा शांत पर्याय: पांढऱ्या मिरीचा हलका झणका आणि कमी भडक वास. भाज्या चीजसोबत असतील तर सोव्हिन्यों, नुसत्या वाफवलेल्या असतील तर ग्रूनर.

उन्हाळ्यात गार सॅलड, जाळीवर भाजलेले मासे, टोमॅटो. टोमॅटो आंबट असतो, आणि वाइन त्याच्याहून कमी आंबट पडली तर ती बेचव होते. इथे कोरडी (म्हणजे गोड नसलेली) रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, सोव्हिन्योंवर कुरघोडी करते, कारण सालींसोबत काही तास राहिल्याने तिच्यात लाल फळांचा थोडा अंश उतरतो आणि भाजलेल्या पदार्थाचा धूरकटपणा तिला सोसतो. रोझे मुरवायची वस्तू नाही, कापणीपासून एक-दोन वर्षांत संपवावी. दक्षिण गोलार्धात कापणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, उत्तरेत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे चिठ्ठीवर एकच साल असलेल्या दोन बाटल्यांत अर्ध्या वर्षाचं अंतर असू शकतं.

माशासोबत लाल नको, या जुन्या सल्ल्यात तथ्य आहे, फक्त कारण रंगाचं नाही. वाइनमधलं लोह माशाच्या चरबीशी संयोग पावून तो उग्र, हिवसट वास तयार करतं. लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त असतं. टॅनिन कमी असलेली पिनो न्वार आणि भाजलेला सॅमन ही जोडी तरीही बहुतेकदा जमते. शिंपल्यांसोबत लाल मात्र टाळाच.

थंडीतलं ताट: हलकी लाल की भारदस्त लाल?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. थंडी म्हटलं की हात कॅबर्ने सोव्हिन्यों या लाल वाइनकडे जातो. तिची द्राक्षं लहान, साल जाड, त्यामुळे टॅनिन भरपूर. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. ताटात चरबीदार लाल मांस असेल तर ते टॅनिन मांसाच्या प्रथिनांत गुंततं आणि वाइन मखमली लागते. ताटात कोंबडी, भोपळा किंवा मशरूम असेल तर गुंतायला काही मिळत नाही आणि उरतो तो तुरटपणा.

म्हणून निवड अशी: तासन्तास शिजवलेलं मटण, चरबीचा थर असलेला मांसाचा भाजलेला तुकडा, जुनं कडक चीज यांना कॅबर्ने, शिराज किंवा अर्जेंटिनाची माल्बेक. भाजलेली कोंबडी, बदक, मशरूम, कंदमुळं यांना पिनो न्वार किंवा फ्रान्सच्या बोजोले भागातली गामे. मलईत शिजलेल्या भोपळ्याला ओक पिंपात मुरवलेली पांढरी शार्दने दोघींपेक्षा बरी. सगळ्यांच्या ताटात वेगवेगळं असेल आणि लाल एकच ठेवायची असेल, तर गामे घ्या. ती कोणाशी भांडत नाही. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी बोजोले नुव्हो ही तिचीच कोवळी आवृत्ती, मजेला ठीक, पण भाजलेल्या बदकासमोर तिचा जीव लहान. बोजोलेच्या मोर्गों किंवा फ्लरी गावांचं नाव असलेली बाटली अधिक भरीव.

शेवटी गोड

नियम एकच आहे, वाइन गोडाच्या पदार्थाहून गोड हवी. फळं आणि हलका केक असेल तर इटलीची हलकी गोड मोस्कातो दास्ती: अल्कोहोल साधारण 5 टक्के, म्हणजे जड जेवणानंतरही झेपते. अंडी, मलई, बदामाच्या गोडाला फ्रान्सची गोड पांढरी सोतेर्न. चॉकलेटपुढे दोघीही कमी पडतात, तिथे 20 टक्के अल्कोहोलच्या आसपासची पोर्ट, ही पोर्तुगालची गोड वाइन, हवी. रुबी (तरुण, गडद लाल) पोर्ट उघडल्यावर दोन-तीन आठवडे टिकते, टॉनी (पिंपात मुरलेली) महिनाभर. व्हिंटेज (एकाच सालच्या द्राक्षांच्या) पोर्टला मात्र गाळ असतो: बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, हळूच दुसऱ्या भांड्यात ओता आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

किती, किती गार, आणि काय बिघडतं

750 मिलीच्या बाटलीतून 150 मिलीचे पाच ग्लास निघतात, फसफसतीचे 125 मिलीचे सहा. लांबलेल्या जेवणाला पिणाऱ्या माणशी अर्धी बाटली धरा, दहा जणांना पाच. वर एक जादा ठेवा, कारण एखादं बूच दगा देतं: ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ते टीसीए नावाचं रसायन. ती वाइन अपायकारक नसते, पण हवेत ठेवून सुधारतही नाही.

तापमानाकडे दुर्लक्ष केलं की चांगली निवड वाया जाते. फसफसती 6 ते 8 अंश सेल्सिअस, हलकी पांढरी आणि रोझे 8 ते 10, ओकमधली शार्दने 10 ते 13, गामे आणि पिनो 12 ते 14, भारदस्त लाल 15 ते 18. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हे थंड दगडी घरांच्या काळातलं. 26 अंशांच्या खोलीत नुसतं अल्कोहोल नाकात जातं, म्हणून लाल बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. घाईत असाल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मंनिम्मं, मूठभर मीठ, 20 मिनिटं. नुसता बर्फ बाटलीला ठिकठिकाणीच टेकतो, म्हणून तो उशीर लावतो.

फसफसतीच्या बाटलीत बाहेरच्या हवेच्या 5–6 पट दाब असतो, आणि बाटली जितकी कोमट तितकं बूच जोरात उडतं. तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढू नका. बाटली 45 अंशांत कलती धरून बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा, बूच नव्हे. उरलीच तर तोंडात चमचा अडकवून काही होत नाही. चिमट्याचं झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, वायू थंडाव्यातच विरघळून राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती पिण्याजोगी असते.