स्कोअर वाढतो, स्मरणशक्ती नाही

मेंदूच्या व्यायामाच्या ॲपमध्ये माणूस जाहिरातीपेक्षा स्वतःच्या स्कोअरला जास्त फसतो. पहिल्या दिवशी स्क्रीनवरचे चार चौकोन लक्षात राहतात, महिन्याभरात सात-आठ. आलेख चढतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. खरं तर त्या एका खेळावर हात बसलेला असतो. चष्मा कुठे ठेवला ते आठवायला तो उपयोगी पडत नाही.

अमेरिकेतल्या 'लुमोसिटी' या अशाच ॲपचं प्रकरण म्हणूनच नीट समजून घ्यावं. आठवड्यातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं खेळा. शाळेत-कामात प्रगती होईल, वयाबरोबर येणारा विसराळूपणा लांबेल, असा दावा होता. तेव्हा दर महिन्याला १४.९५ डॉलर, आजीवन २९९.९५ डॉलर पडत. गूगलवर स्मरणशक्ती, डिमेन्शिया, अल्झायमर असे शब्द शोधणाऱ्यांना जाहिरात दिसावी म्हणून ते शब्दच विकत घेतले होते. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर घाबरलेला माणूस. ग्राहकांचे 'अनुभव' स्पर्धा लावून मिळवलेले; बक्षीस आयपॅड, सॅन फ्रान्सिस्कोची सहल वगैरे. जानेवारी २०१६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आणि कंपनीने तडजोड करून २० लाख डॉलर भरले. सबस्क्रिप्शन आपोआप नव्याने सुरू होत असे. ते सहज बंद करण्याची सोय ग्राहकांना द्या, हीसुद्धा त्या तडजोडीतली अट होती.

आधार नव्हता म्हणजे काय? २०१० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ११,४३० जणांवरचा प्रयोग आला. सहा आठवडे खेळून लोक त्या-त्या खेळात तरबेज झाले, पण न खेळलेल्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही, अगदी मिळत्याजुळत्या चाचण्यांतही नाही. 'ॲक्टिव्ह' नावाच्या मोठ्या अभ्यासाचा दाखला विक्रेते हमखास देतात. त्यात ६५ वर्षांपुढचे २,८३२ लोक होते आणि त्यांतल्या सराव करणाऱ्या गटांना शिक्षकांनी दहा-दहा सत्रं दिली होती. तिथेही स्मरणाचा सराव केलेल्यांचं स्मरण सुधारलं आणि वेगाचा केलेल्यांचा वेग. एकाचा लाभ दुसऱ्यात उतरला नाही. तुमच्या फोनवरचं ॲप त्या अभ्यासात होतं का, एवढं विचारलं की विक्रेता विषय बदलतो.

'पण मला खरंच फरक जाणवला' असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. २०१६ च्या एका प्रयोगात माणसं बोलावण्यासाठी दोन पत्रकं लावली: एकात बुद्धी वाढेल असं सुचवलेलं, दुसरं साधं. दोन्ही गटांना तोच तासाभराचा सराव दिला. पहिलं पत्रक वाचून आलेल्यांचे बुद्ध्यांक ५ ते १० गुणांनी वाढले, दुसऱ्यांचे जागच्या जागी. नुसत्या अपेक्षेने एवढं होत असेल, तर पंचतारांकित अभिप्रायांना किती किंमत द्यायची?

तेव्हा पैसे भरण्याआधी अभ्यास बघताना एकच गोष्ट तपासा: तुलनेचा गट रिकामा बसवला होता की त्यालाही शब्दकोड्यासारखं काही दिलं होतं? रिकामा असेल तर आकडे बाजूला ठेवा. गंमत म्हणून खेळायचं तर फुकटातलं सुडोकू आहेच.

आणि आधीच अडकला असाल तर नुसतं ॲप उडवून भागत नाही, पैसे कापले जातच राहतात. ॲन्ड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर टिचकी मारा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन ते ॲप निवडा आणि रद्द करा. यूपीआयवरून ऑटोपे लावलं असेल तर पैसे पाठवायच्या ॲपमधलं मॅन्डेटही, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगीही, बघा. 'मोफत चाचणी' चालू असेल तर हे मुदतीच्या आदल्या दिवशीच उरका.