लॅमिंग्टन रोडवरून हाय-एंड गेमिंग पीसी: पैसे कुठे ओतायचे आणि हात कुठे आखडायचा

सरळ मुद्द्यावर येतो. बजेट चार-पाच लाखांच्या घरात असेल आणि तुम्ही मुंबईत राहत असाल तर पार्ट ऑनलाइन मागवू नका, ग्रँट रोडला ईस्टला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात, स्वतः जाऊन घ्या. ऑनलाइन कधीकधी दोन-चार हजार स्वस्त पडतं, मान्य, पण एवढं महागडं ग्राफिक्स कार्ड कुरियरवाला वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून गेलाय हे ऐकायची आपली तयारी नाही बुवा. मामेभावासाठी अख्खा बिल्ड तिथूनच केला. तो व्हीएफएक्समध्ये, म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कामात आहे, दिवसा रेंडर आणि रात्री फोर-केवर गेम, त्यामुळे त्याला एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० कार्डच हवं होतं आणि त्याच्या बाबतीत ते बरोबरही होतं.

पण नुसतं गेमिंग असेल तर आधी हे वाचा. ५०९० मध्ये ३२ जीबी मेमरी आणि २१,७६० कुडा कोअर (कार्डातली गणितं करणारी छोटी युनिट), त्याच्या खालच्या ५०८० मध्ये १६ जीबी आणि १०,७५२, म्हणजे कागदावर जवळपास अर्धं कार्ड. गेममध्ये मात्र फरक दुप्पट वगैरे पडत नाही, फोर-केला दीडपटीच्या आसपास आणि १४४०पी ला (फोर-केपेक्षा कमी रिझोल्यूशन) त्याहून कमी. जानेवारी २०२५ ला एनव्हिडियाने भारतात ५०९० चा भाव २,१४,००० आणि ५०८० चा १,०७,००० जाहीर केला होता, त्यातला पहिला भाव दुकानात मिळालेला माणूस मला अजून भेटायचाय. रेंडर, ब्लेंडर, एआयचं काम असं काही असेल तर ३२ जीबी वसूल होते. नसेल तर ५०८० किंवा ५०७० टीआय घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला ओलेड मॉनिटर घ्या, कारण रोज डोळ्यांसमोर तोच असतो, कार्ड काय, टेबलाखाली पडलेलं असतं.

आता मार्केटबद्दल. तिथे सगळीच दुकानं सारखी नाहीत. एका ठिकाणी कार्ड दाखवलं, भावही ठीक सांगितला, मग हळूच म्हणे कार्ड एकटं नाही मिळणार, सोबत आमचा कॅबिनेट आणि एसएमपीएस (पीसीला वीज देणारा पॉवर सप्लाय) घ्यावा लागेल, तो एसएमपीएस कुठला तर कधी नाव न ऐकलेल्या ब्रँडचा ८५० वॅट. ५०९० ला एनव्हिडिया स्वतः किमान १००० वॅट सांगते. दुसरीकडे वेगळाच प्रकार, बिल नको असेल तर भाव कमी, बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर. तिथून सरळ बाहेर पडा. पक्कं बिल नाही म्हणजे उद्या वॉरंटीला उभं राहायला पाय नाहीत. दुबईहून बॅगेत आलेली कार्डंही फिरत असतात, स्वस्त असतात, पण त्यांची वॉरंटी इथे चालेलच याची खात्री नाही, त्यामुळे बॉक्सवर भारतातल्या इम्पोर्टरचा स्टिकर आहे का ते बघा आणि बॉक्सवरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर तिन्ही एकच आहेत का ते तिथेच उभं राहून ताडून घ्या.

ज्या दुकानातून शेवटी घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटेल. एका गल्लीत आत, खाली काउंटर आणि वर पोटमाळ्यावर असेंब्ली, मान वाकवूनच चढायचं. काउंटरवरच्या काकांनी कोटेशन काढायच्या आधी दोनच प्रश्न विचारले, मॉनिटर कुठला आहे आणि खोलीत एसी आहे का. तिथेच मला माणूस आवडला. मामेभावाने यादीत वरच्या रेंजचा एक्स८७०ई मदरबोर्ड लिहिला होता, काका म्हणाले यूएसबी ४ च्या वेगवान पोर्टला काही लावणार आहेस का, नाही ना, मग त्याहून स्वस्त बी८५० घे, चांगल्या व्हीआरएमचा (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) घे, फक्त कार्डाचा स्लॉट पीसीआयई ५.० (डेटा नेणाऱ्या जोडणीची नवी पिढी) आहे ना तेवढं बघ, आणि समजा ४.० असला तरी गेममध्ये एखाद-दोन टक्क्यांचाच फरक आहे. वाचलेले पैसे त्यांनी एसएमपीएसमध्ये टाकायला लावले. चांगल्या कंपनीचा, गोल्ड रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा), एटीएक्स ३.१ (पॉवर सप्लायचं नवं स्टँडर्ड) वाला १२०० वॅट.

एसएमपीएसवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. ५०९० एकटं ५७५ वॅट खातं आणि हे सगळं एका १६ पिनच्या कनेक्टरमधून जातं ज्याची लिमिटच ६०० आहे. आधीच्या पिढीतल्या ४०९० च्या वेळी कनेक्टर वितळल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, नंतर त्याच कनेक्टरचा सुधारलेला १२व्ही-२x६ आला, त्यात सेन्सच्या (प्लग बसलाय का हे ओळखणाऱ्या) पिना आखूड केल्या म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाला पॉवर मिळूच नये, पण तरीही ५७५ आणि ६०० मधलं अंतर फार कमी आहे. म्हणून तीन-चार वायरी जोडणारा अॅडॉप्टर टाळा, एसएमपीएससोबत आलेली एकच सरळ केबल वापरा, ती शेवटपर्यंत आत गेली आहे का हे डोळ्यांनी बघा, आणि प्लगच्या तोंडाशीच वाकवू नका. वर असेंब्ली करणाऱ्या पोराने केबल लावून कॅबिनेटची काच बसवली तर काच केबलला दाबत होती. तो काही बोलला नाही, काच काढली, केबल वळवून खालून नेली, कार्डाखाली सपोर्टचा दांडा लावला आणि मग मोबाइलचा टॉर्च मारून आम्हाला दाखवलं की बघा, प्लग आणि सॉकेटमध्ये फट नाहीये. ह्या एका गोष्टीसाठी असेंब्लीचे पैसे वसूल.

प्रोसेसरला फार डोकं लावलं नाही. गेमिंगला एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी, विषय संपला. आठ कोअर, ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी), आणि ह्या पिढीत ती कॅश कोअरच्या खाली टाकल्यामुळे उष्णता थेट कुलरकडे जाते. रेंडरमुळे १६ कोअरवाला ९९५०एक्स३डी घ्यावा का यावर बरीच चर्चा झाली, पण मामेभावाचं रेंडर कार्डावर होतं, त्यामुळे आठच पुरे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे आय९ आजही कुठेकुठे स्वस्तात गळ्यात मारतात, २०२४ ला त्यांचा व्होल्टेजचा लफडा झालेला, मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट आला, कंपनीने वॉरंटी दोन वर्षं वाढवली, सगळं खरं, पण नवीन बिल्डला ही डोकेदुखी कशाला.

रॅमचं मात्र रडगाणं आहे. २०२५ संपता संपता डीडीआर५ (सध्याच्या पिढीची रॅम) चे भाव असे काही चढले की आधी जे किट पटकन कार्टमध्ये टाकायचो ते आता दोनदा विचार करून घ्यावं लागतं. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्यात, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल ह्या आपल्या ब्रँडचा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे कोटेशनवर आता 'भाव आजच्या दिवसापुरता' असं लिहून देतात. तरी एक सांगतो, भाव वाढणार म्हणून घाबरून आता १६ ची एक काडी घेतो आणि नंतर तीन लावतो असं करू नका. एएम५ वर (रायझनच्या ह्या सॉकेटवर) चार काड्या लावल्या की स्पीड धडाधड उतरतो. दोनच काड्यांचं किट घ्या, ६००० स्पीडचं, सीएल३० (प्रतिसादाच्या उशिराचा आकडा, कमी तो चांगला), आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडवर चालवणारा पर्याय, चालू केलाय का ते दुकानातच बघून घ्या, बरेच जण तसंच घरी आणतात आणि वर्षभर कमी स्पीडवर खेळतात.

एसएसडीत पीसीआयई ५.० चा मोह आवरा. सेकंदाला १४,००० एमबीचा आकडा बॉक्सवर छान दिसतो, गेमच्या लोडिंगला ४.० च्या ७,००० वाल्यापुढे फरक कळतही नाही.

कॅबिनेट ही खास मुंबईची गोष्ट आहे. दुकानात सगळीकडे फिश टँकवाले काचेचे डब्बे चकाकत असतात, आरजीबी लाइट लावून. आमच्याकडे मे महिन्यात खोली ३४-३५ डिग्री, दमट हवा, आणि त्या दमटपणामुळे धूळ नुसती बसत नाही, चिकटते. समोरून जाळी, निघणारा फिल्टर, मोठे पंखे, बस्स. आणि हे पक्कं लक्षात घ्या की कुलर कितीही भारी घेतला तरी ती उष्णता खोलीतच येणार, दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये ५०९० म्हणजे पायाशी हीटर लावून बसल्यासारखं. काकांनी एसीचं म्हणूनच विचारलं होतं. कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली तर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जेमतेम काही टक्क्यांनी पडतात आणि १०० वॅटच्या वर वाचतात, मामेभाऊ आता कायम तशीच चालवतो.

पैसे द्यायच्या आधी अजून एक करा. दुकानात विंडोज चालू करून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला सांगा आणि आरओपी (चित्राचे पिक्सेल शेवटी तयार करणारी कार्डातली युनिट) चा आकडा बघा. ५०९० ला १७६ हवा, ५०८० ला ११२. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही कार्डांत आठ आरओपी कमी निघाले होते, एनव्हिडियाने मान्यही केलं. आमच्या वेळी पोराने न सांगता स्वतःहून उघडून दाखवलं, वर अर्धा तास स्ट्रेस टेस्ट चालवली, टेम्परेचर दाखवलं.

तक्रार एकच, आणि ती ह्याच दुकानाबद्दल. सगळे रिकामे बॉक्स, उरलेल्या मॉड्यूलर केबल्या, स्क्रूची पाकिटं देताना टाळाटाळ, 'क्या करोगे घर में कचरा करके' वगैरे. हट्टाने सगळं घ्या. वॉरंटीला बॉक्स मागतात, आणि एसएमपीएसच्या केबल्या दुसऱ्या कंपनीच्या चालत नाहीत, पिनांची रचनाच वेगळी असते, लावल्या तर पार्ट जळतात.

नेताना टॅक्सीच करा, लोकलमध्ये चढायचं धाडस नको. कार्ड काढून वेगळ्या बॉक्समध्ये, कॅबिनेट मागच्या सीटवर आडवा, काच वर. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळत नाही. आणि रविवारी तर अजिबात नको, बहुतेक शटरं बंद असतात.