मुलीला कब स्काऊटमध्ये घातलं: शाळेचं एक वर्ष सरल्यावरचा अनुभव

‘मुलीला गर्ल स्काऊट सोडून तिकडे कशाला घातलंस?’ हा प्रश्न इथे न्यू जर्सीत ओळखीच्या मराठी घरांतून मला सारखा विचारला जातो. ‘तिकडे’ म्हणजे कब स्काऊटमध्ये, पूर्वी ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ म्हणवणाऱ्या संघटनेच्या पाचवीपर्यंतच्या मुलांच्या विभागात. उभ्या उभ्या धड उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही समाधानी आहोत आणि पुढच्या वर्षीही जाणार आहोत. पण एक गोष्ट नाव घालण्याआधी आयांनी तरी नीट समजून घ्यायला हवी. ती पुढे येईलच.

मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत. पहिलीतल्यांच्या गटाला ‘टायगर’ म्हणतात आणि त्या वयाच्या मुलासोबत घरचं एक मोठं माणूस बसावंच लागतं. म्हणजे आठवड्याची एक संध्याकाळ माझी तशीही जाणारच होती. तिथे चौकशीला गेले तेव्हा कळलं की हा पॅक, म्हणजे इथल्या कब स्काऊट मुलांचा मोठा गट, ‘फॅमिली पॅक’ आहे, बहीण-भाऊ दोघंही येऊ शकतात. पॅक फक्त मुलग्यांचा ठेवायचा की सगळ्यांचा, हे तो चालवणारी स्थानिक संस्था ठरवते, त्यामुळे तुमच्या गावात काय आहे ते आधी विचारा. पूर्वी पॅकमध्ये मुली आल्या तरी त्यांचा छोटा गट, म्हणजे ‘डेन’, वेगळा ठेवावा लागायचा. आता एकत्र डेनही चालतो. तिसरीतल्यांचा ‘बेअर’ डेन आमच्याकडे एकत्र आहे.

आमच्या लहानपणी शाळेत मुलगे स्काऊट आणि मुली गाईड, धाकटे कब आणि बुलबुल, असं ठरलेलंच होतं. गाठी आम्हीही शिकलो, खरी कमाईला भेळेचे स्टॉल आम्हीही लावले. तरी तंबू ठोकायला मुलगे आणि रांगोळी काढायला मुली ही वाटणी शिबिरात आपोआप व्हायची, कोणी सांगावंही लागायचं नाही. माझ्या मुलीला तसं वाटून दिलेलं काम मिळू नये, एवढीच माझी इच्छा होती.

बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही संघटना १९१० सालची, मुलग्यांसाठीच काढलेली. १९१२ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहरात ज्युलिएट गॉर्डन लो यांनी गर्ल स्काउट्स ही मुलींची वेगळी संघटना उभी केली आणि शंभर वर्षांहून जास्त काळ दोन्ही शेजारी शेजारी चालल्या. बाईला स्काऊटमास्टर व्हायला इथे १९८८ साल उजाडावं लागलं. मुलींना घ्यायचा निर्णय ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झाला, २०१८ मध्ये कब स्काऊट खुलं झालं आणि फेब्रुवारी २०१९ पासून मोठ्या मुलींचे स्वतंत्र ट्रूप, म्हणजे कबच्या पुढच्या वयाचे गट, निघाले. ईगल स्काऊट हा सर्वांत वरचा दर्जा मिळवणाऱ्या मुलींची पहिली तुकडी २०२१ ची, त्यात जवळजवळ एक हजार जणी होत्या. ८ फेब्रुवारी २०२५ पासून संघटनेच्या नावातला ‘बॉय’ही गेला, आता ती ‘स्काउटिंग अमेरिका’ आहे. त्याआधी, मुलींची भरती करताना या संघटनेनं नुसतं ‘स्काउट्स’ हे नाव वापरल्यावरून गर्ल स्काउट्सनी २०१८ मध्ये कोर्टात दावा लावला होता, तो २०२२ मध्ये फेटाळला गेला. त्यांची नाराजी मला पटते. फक्त मुलींची अशी हक्काची जागा त्यांनी एवढी वर्षं जपली, आणि ज्या मुलीला मुलग्यांच्या गलक्यात तोंड उघडवत नाही तिला मी आजही तिथेच पाठवेन. माझी मुलगी तशी नाही.

आता ती महत्त्वाची गोष्ट. कार्यक्रमात एक जरी मुलगी असेल तर २१ वर्षांवरची, रीतसर नोंदणी झालेली एक महिला लीडर तिथे हजर असावीच लागते. नियम योग्यच आहे, मला पूर्ण मान्य आहे. पण आमच्या डेनमध्ये अशी बाई होती एकच. डिसेंबरात ती तापानं पडली आणि निरोप ऐन वेळी आला. मुलं येऊन बसली होती, टेबलावर दोऱ्या मांडून ठेवल्या होत्या. डेन लीडरनं फोनाफोनी केली, कोणी मिळेना. हॉलमध्ये आम्ही तीन-चार आया उभ्या होतो, पण नोंदणी एकीचीही नव्हती. शेवटी त्यांनी सगळ्यांचीच मीटिंग रद्द केली. मुलींना घरी पाठवून मुलग्यांची चालू ठेवली नाही, याबद्दल त्या माणसाचे मी मनापासून आभार मानते. तरी कोट चढवता चढवता एक मुलगा बोललाच, ‘मुली नसत्या तर झाली असती.’ माझ्या मुलीनं ते ऐकलं. गाडीत तिनं विचारलं, ‘आई, तू का नाही होत लीडर?’

त्याच आठवड्यात अर्ज भरला. पार्श्वभूमीची तपासणी होते, बालसुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करावं लागतं. अवघड काही नाही, एका शनिवारी बसून होतं. माझ्यामागून आणखी दोघींनी नोंदणी केली आणि नंतर एकही मीटिंग बुडाली नाही. म्हणून सांगते, मुलींसाठी दार वरून उघडलं असलं तरी तुमच्या गावात ते उघडं राहणार की नाही, हे नोंदणी केलेल्या बायकांवर ठरतं. बाबा लोक हौसेनं येतात, तंबू ठोकतात, पण ही अट त्यांना पुरी करता येत नाही.

शिकायला काय मिळालं? माझ्या मते सगळ्यांत मोलाचा भाग चाकूचा होता. बेअर गटाला चाकू वापरायचं कार्ड मिळवता येतं. आधी नियम. मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि स्वतःभोवती सावकाश फिरायचं. त्या वर्तुळात कोणी येत असेल तर चाकू उघडायचाच नाही. मग अंगाच्या साबणाची वडी घेऊन ती कोरायची, पातं कायम आपल्यापासून लांब न्यायचं. मुलीनं मासा करायला घेतला, शेपटी तुटली, मग त्याचं कासव केलं. मधेच डेन लीडर काहीतरी दाखवायला वाकले, तशी तिनं चाकू मिटला आणि ‘माझ्या वर्तुळात आहात तुम्ही’ असं त्यांना स्पष्ट सांगितलं. ते लगेच मागे सरले. घरी विळीपाशी तिला मी फिरकूही देत नसे. आता ती काकडी चिरते, मी बघत असते.

पाइनवुड डर्बी, म्हणजे छोट्या लाकडी मोटारींची शर्यत, जानेवारीत झाली. लाकडी ठोकळ्यापासून मोटार करायची, वजन ५ औंसांच्या वर जाता कामा नये. आमची काट्यावर थोडी जड भरली, खालचं शिसं जरासं पोखरून काढावं लागलं. काही मोटारी वडिलांनीच केलेल्या असतात हे लांबूनही दिसतं, आणि ते मला आवडलं नाही. आमची मधेच कुठेतरी आली.

मेमधल्या कॅम्पला सगळी कुटुंबंच गेली. कब वयात तसंच असतं, त्यामुळे ‘मुलीला एकटी कशी पाठवू’ हा प्रश्नच येत नाही. रात्री निखाऱ्यावर फॉइलच्या पुड्या भाजतात, बहुतेकांच्या पुड्यांत खिमा असतो. आम्ही बटाटा, पनीर आणि गोडा मसाला घालून केल्या, आणि शेजारच्या तंबूतली मुलं मागायला आली.

हॉल चर्चचा आहे म्हणून काही जण बिचकतात. देवाप्रती कर्तव्य शपथेत आहे, पण कुठला देव ते ज्याच्या त्याच्या घरावर सोडलेलं आहे. हिंदू मुलांसाठी ‘धर्म’ नावाचं पदकही आहे.

सुरक्षिततेबद्दल मात्र विचारायलाच हवं. लैंगिक शोषणाच्या जुन्या प्रकरणांमुळे या संघटनेनं फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. दावे ८२,००० हून जास्त होते, आणि पीडितांसाठी सुमारे २.४६ अब्ज डॉलरची योजना २०२३ मध्ये अमलात आली. हे वाचून माझ्या नवऱ्यानं महिनाभर हो म्हटलं नव्हतं, आणि त्याचं बरोबरच होतं. आज नियम असा आहे की कोणतंही मोठं माणूस एकट्या मुलासोबत एकटं राहू शकत नाही, आणि प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन नोंदणीकृत लीडर लागतात. आमच्या पॅकमध्ये हे पाळलेलं मी स्वतः पाहिलंय. तुम्हीही दोन-तीन मीटिंगा नुसत्या बसून पाहा, आणि नियम ढिला दिसला तर सरळ उठून या.

खर्चात नोंदणी, पॅकची वर्गणी आणि गणवेश येतो. गणवेशाचा शर्ट महाग वाटला, तो एक नंबर मोठाच घ्या.

काळजी आहे ती पुढची. पाचवीनंतर मुलं ट्रूपमध्ये जातात. आमच्या पॅकशी जोडलेला ट्रूप मुलग्यांचा आहे, मुलींचा सर्वांत जवळचा ट्रूप गाडीनं अर्ध्या तासावर. भाऊ मोठा होऊन त्याच हॉलमध्ये वर जाईल आणि हिला दुसरं गाव शोधावं लागेल, हे मला अजिबात मान्य नाही. नवा ट्रूप काढायला किमान ५ मुली लागतात. आमच्याकडे सध्या तिघी तयार आहेत. एडिसन-मेटचेन भागात तिसरी-चौथीतली मुलगी असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या मीटिंगला तिला घेऊन या, आणि आईनं स्वतःचा अर्जही भरूनच यावं.